पत्ता नसलेली तबकडी

जुलै 1981. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या हिब-टोन नावाच्या एवढ्याशा कंपनीनं सात इंची एक तबकडी काढली. एका बाजूला ‘रेडिओ फ्री युरोप’, उलट बाजूला ‘सिटिंग स्टिल’. प्रती 1,000. त्यातल्या 600 प्रसिद्धीसाठी फुकट वाटायच्या होत्या, म्हणजे विकायला उरल्या जेमतेम 400. आणि त्या तबकड्यांवर कंपनीचा पत्ताच छापलेला नव्हता. एखाद्या दुकानदाराला आणखी प्रती हव्या असल्या, तर त्यानं कळवायचं कुणाला?

तरी लोकांनी ती शोधून काढली. मागणी इतकी आली की पुढे आणखी 6,000 प्रती काढाव्या लागल्या, आणि ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं त्या वर्षीच्या दहा उत्तम सिंगल्समध्ये तिला जागा दिली. गाणी होती जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावच्या चार पोरांची. त्यांचा बँड तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचा होता. नाव आर.ई.एम.

आपल्याकडे बहुतेकांना हा बँड माहीत झाला तो 1991 च्या ‘लूझिंग माय रिलिजन’मुळे. केबल टीव्ही नुकता घरोघरी येत होता आणि त्या गाण्याचा व्हिडिओ जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंगनं केला होता. पण तोवर बँडला अकरा वर्षं झाली होती. इंडी बँड म्हणजे नेमकं काय आणि तो उभा कसा राहतो, हे समजून घ्यायचं असेल तर मात्र 1980 ते 1983 ही पहिली वर्षं पाहायला हवीत. मला विचाराल तर इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

आधी शब्दाचं बघू. हल्ली ‘इंडी’ म्हटलं की लोकांच्या कानांत गिटारचा एक ठरावीक आवाज वाजतो. मुळात हा धंद्यातला शब्द आहे. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. त्या काळी अमेरिकेतला रेकॉर्डचा बहुतेक धंदा सीबीएस, वॉर्नर, आरसीए अशा मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हातात होता. तबकड्या छापणं, त्या देशभरच्या दुकानांत पोचवणं, मोठ्या रेडिओ केंद्रांवर वाजवून घेणं, सगळी यंत्रणा त्यांच्याकडे. या यंत्रणेच्या बाहेर राहून जो आपली रेकॉर्ड काढतो तो इंडी. आपल्याकडे साठच्या दशकात ज्यांनी अनियतकालिकं काढली, पदरचे पैसे घालून सायक्लोस्टाइल केली आणि हातोहात वाटली, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

मोठी कंपनी बँडला सुरुवातीला पैसे देते. करारात त्याला अ‍ॅडव्हान्स म्हणतात, पण मराठीत त्यासाठी चपखल शब्द आहे: उचल. ऊसतोडीला निघालेल्या कामगाराला मुकादम देतो तशीच. उचल हे बक्षीस नव्हे. रेकॉर्ड विकली गेली की बँडच्या वाट्याच्या रॉयल्टीतून ती आधी वळती होते, स्टुडिओचा खर्चही त्यातूनच कापला जातो, आणि फिटेपर्यंत बँडच्या हातात काही पडत नाही. गाण्याची मूळ टेप मात्र बहुधा कंपनीच्याच मालकीची राहते. जितकी उचल मोठी, तितकी कंपनीची घाई मोठी. मग ती सांगणार: हे गाणं लहान करा, अमुक निर्मात्याकडे जा, आवाज जरा चकचकीत करा. तिचे पैसे अडकलेले असतात, तेव्हा तिचं बोलणंही तिच्या जागी बरोबरच असतं. म्हणून इंडी बँडचा खरा प्रश्न असा असतो, की उचल न घेता किती दिवस तग धरता येईल.

अथेन्स हे त्यासाठी बरं गाव होतं. अटलांटापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, जॉर्जिया विद्यापीठाचं. विद्यापीठाचं गाव म्हणजे स्वस्त खोल्या, दर वर्षी नवा श्रोता आणि कला शाखेची भरपूर मुलं. शिवाय तिथं वाट आधीच पडलेली होती. बी-फिफ्टी-टूज हा बँड याच गावचा. 1977 च्या फेब्रुवारीत ते पहिल्यांदा वाजले ते एका घरगुती पार्टीत, आणि दोन वर्षांत न्यू यॉर्क गाजवून आले. त्यांची पहिली सिंगल अटलांटातल्या एका रेकॉर्डच्या दुकानदारानं डीबी रेकॉर्ड्स या नावानं काढली होती. पाठोपाठ त्यानंच अथेन्सच्या पायलॉन या बँडची काढली. आपल्या गल्लीतल्या कुणाची तबकडी निघालेली पाहिली की ती गोष्ट अशक्य वाटेनाशी होते. माझ्या मते कुठल्याही गावात संगीत रुजायला एवढा एक धक्का पुरतो.

पीटर बक गावातल्या वक्स्ट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता. चांगल्या तबकड्या आल्या की तो स्वतःसाठी बाजूला काढून ठेवायचा. एक लाजाळू, कुरळ्या केसांचा मुलगा दुकानात यायचा आणि नेमक्या त्याच तबकड्या मागायचा. हा मायकेल स्टाइप, विद्यापीठात चित्रकला शिकणारा. दोघांची दोस्ती अशी जमली. माइक मिल्स आणि बिल बेरी हे दोघे मेकन गावचे, एकाच शाळेतले. शाळेत त्यांचं पटत नव्हतं. मिल्स अभ्यासू, बेरी उनाड. पण एकदा कुणाकडे तरी वाजवायला म्हणून गेले तर दोघे समोरासमोर, एक बास घेऊन आणि एक ड्रमवर. तिथून त्यांची जी जोडी जमली ती पुढे अथेन्सलाही एकत्रच आली. मिल्स आणि बेरी बऱ्यापैकी तयार होते. बकला गिटार नुकती कुठं येऊ लागली होती, आणि स्टाइपला कसं गायचं यापेक्षा काय गायचं नाही हे जास्त कळत होतं.

ओळखीच्या एका मैत्रिणीनं चौघांची गाठ घालून दिली. गावात ओकोनी स्ट्रीटवर एक जुनं चर्च होतं, प्रार्थना बंद झालेलं, आतून खोल्या पाडून भाड्यानं दिलेलं. तिथंच सराव. 5 एप्रिल 1980 ला त्याच चर्चमध्ये वाढदिवसाच्या पार्टीत ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. शेकडो लोक लोटले होते. साठच्या दशकातली उचललेली गाणी आणि थोडी स्वतःची. बँडला तेव्हा नावसुद्धा नव्हतं. पुढे स्टाइपनं शब्दकोश उघडून बोट ठेवलं तिथं ‘आर.ई.एम.’ निघालं. गाढ स्वप्नात असताना मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात, त्या अवस्थेचं हे इंग्रजी लघुरूप. चर्चची इमारत 1990 मध्ये पाडली. मनोरा तेवढा ठेवला.

पार्टीत वाजवणं आणि बँड चालवणं यांत फार अंतर आहे. तिथं दोन माणसं कामी आली. चॅपेल हिलमध्ये, म्हणजे शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात, ते राज्याबाहेर पहिल्यांदा वाजले तेव्हा जेफरसन होल्टनं त्यांना ऐकलं, आणि तो चंबूगबाळं आवरून अथेन्सला आला. तो त्यांचा मॅनेजर झाला. दुसरा बर्टिस डाउन्स. तो तिथंच कायदा शिकत होता. कार्यक्रमांना यायचा, आणि कागदपत्रं नीट करा म्हणून मागं लागायचा. चार वाजवणारे, एक हिशेब बघणारा, एक कागद वाचणारा. बहुतेक बँडांना शेवटचे दोघे मिळतात ते फसवणूक झाल्यावर.

मग सुरू झाली व्हॅन. एक जुनी निळी गाडी, चालवायला होल्ट. चौघं, मॅनेजर आणि वाद्यं त्यातच. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत मिळेल तिथं वाजवायचं: बार, क्लब, पिझ्झाची दुकानं. जेवणाला माणशी रोजचे 2 डॉलर. हळूहळू चौघांनीही कॉलेज सोडलं. हे ऐकायला रम्य वाटतं, पण यातला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. दक्षिणेत तेव्हा स्वतःची गाणी वाजवणाऱ्या अनोळखी बँडसाठी बांधलेली अशी वाट नव्हती. क्लबवाल्यांना लोकप्रिय गाण्यांच्या नकला हव्या असत. आर.ई.एम.नं एकेका गावात पुन्हा पुन्हा जाऊन ती वाट पाडली. पहिल्या खेपेला वीस लोक आले तर चांगलं वाजवायचं. वीसजणांनी बाहेर सांगितलं तर पुढच्या खेपेला गर्दी वाढते. जाहिरात नाही, उचल नाही, आणि ज्या गावात श्रोता तयार झाला तो कायमचा आपला. शिवाय महिन्यात वीस-वीस कार्यक्रम करताना गाणी आपोआप घासली जातात. सुरुवातीची बरीच गाणी त्यांनी याच काळात टाकून दिली.

दुसरी वाट हवेतून जात होती. अमेरिकेत एफएमच्या पट्ट्याचा खालचा तुकडा, साधारण 88 ते 92 मेगाहर्ट्‌झ, बिगर-व्यापारी केंद्रांसाठी राखलेला आहे. शेकडो कॉलेजांची रेडिओ केंद्रं तिथं चालतात. अथेन्समध्येच विद्यापीठाचं असं एक केंद्र आहे. विद्यार्थीच ती चालवतात. पल्ला लहान, पण जाहिराती नाहीत. त्यामुळे अनोळखी तबकडी लावल्यानं कुणाचं नुकसान होत नाही. व्यापारी केंद्राचं गणित उलटं असतं: श्रोत्यानं बटण फिरवलं की जाहिरातदार गेला, म्हणून ओळखीचीच गाणी पुन्हा पुन्हा. 1978 पासून तर कॉलेज केंद्रांवर काय वाजतंय याची नोंद छापणारं सीएमजे हे पत्रकही निघत होतं, म्हणजे एका गावातली आवड दुसऱ्या गावाला कळायची सोय झाली होती. सहाशे तबकड्या फुकट का वाटल्या, याचं उत्तर इथं आहे.

आता त्या तबकडीकडे परत येऊ. ती ध्वनिमुद्रित झाली एप्रिल 1981 मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलममध्ये, मिच ईस्टरच्या आईवडिलांच्या गॅरेजमध्ये. ईस्टरनं तिथं स्टुडिओ थाटला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं ड्राइव्ह-इन. तबकडीचं मास्टरिंग, म्हणजे छपाईआधी आवाजाला दिला जाणारा शेवटचा हात, बकला इतकं खटकलं की त्यानं एक प्रत फोडली आणि भिंतीवर चिकटवली. ज्या तबकडीनं त्यांचं नाव झालं ती त्याच्या भिंतीवर तुकड्यांत लटकत होती. मला स्वतःला ती मूळची धूसर आवृत्ती 1983 च्या नव्या, नीटनेटक्या आवृत्तीपेक्षा जास्त आवडते. तिच्यात एक धाव आहे, जी नंतर निवळली.

मोठ्या कंपन्यांचं लक्ष गेलं. आरसीए तयार होती. बँडनं तिला नकार देऊन मे 1982 मध्ये आय.आर.एस. या छोट्या कंपनीशी करार केला. ही कंपनी माइल्स कोपलंडची. द पोलीस या बँडचा ड्रमर स्टुअर्ट हा त्याचा भाऊ. तिसरा भाऊ इयन, तो मेकनमध्ये कार्यक्रम ठरवणाऱ्या एजन्सीत असताना बेरी तिथंच काम करत होता, ती ओळख इथं उपयोगी पडली. इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आय.आर.एस. ही काही झोपडीतली कंपनी नव्हती. तिच्या तबकड्या ए अँड एम या बड्या कंपनीच्या वितरणातून दुकानांत जात. म्हणजे इंडी आणि मोठे यांच्यामधली रेघ वाटते तितकी ठळक नाही. फरक होता तो सौद्यात: पैसे कमी, मोकळीक जास्त. कॅलिफोर्नियात ब्लॅक फ्लॅग या बँडच्या ग्रेग गिननं एसएसटी ही स्वतःचीच कंपनी चालवून याहून कडवी वाट धरली होती. दोन्ही वाटांना इंडीच म्हणतात.

ऑगस्ट 1982 मध्ये पाच गाण्यांची ‘क्रॉनिक टाउन’ आली, तीही ईस्टरच्या गॅरेजमध्ये आधीच तयार झालेली. मग पहिल्या पूर्ण अल्बमची वेळ आली, आणि मोकळीक किती खरी ते इथं कसाला लागलं. कंपनीनं बँडला स्टीफन हेग या निर्मात्याकडे पाठवलं. ‘कॅटापल्ट’ हे एकच गाणं. हेगला प्रत्येक ठोका घड्याळासारखा हवा होता, म्हणून तेच गाणं पुन्हा, पुन्हा, पुन्हा. व्हॅनमधून गावोगाव फिरून, एकमेकांच्या चुका सावरत वाजवायला शिकलेल्या बँडला, आणि त्यातही बेरीला, हे फार लागलं. हेगनं नंतर ते गाणं बॉस्टनच्या स्टुडिओत नेऊन त्यात बँडला न विचारता कीबोर्ड भरले. हेग कच्चा नव्हता. पुढे पेट शॉप बॉइज या बँडबरोबर त्यानं उत्तम काम केलं. पण हे घर त्याचं नव्हतं. बँडनं कंपनीला सांगितलं, आम्हाला ईस्टरबरोबर काम करू द्या. कंपनी म्हणाली, आधी एक गाणं करून दाखवा. ईस्टरनं डॉन डिक्सन या निर्मात्याला सोबत घेतलं, त्यांनी ‘पिल्ग्रिमेज’ करून दाखवलं, आणि परवानगी मिळाली.

‘मर्मर’ असा 1983 च्या सुरुवातीला शार्लट गावातल्या रिफ्लेक्शन स्टुडिओत तयार झाला. काय करायचं नाही हे आधी ठरलं: गिटारचे सोलो नाहीत आणि त्या काळी सगळीकडे वाजणारे सिंथेसायझर नाहीत. मग काय उरलं? घरात गिटार असेल तर जी ची साधी कॉर्ड धरा आणि सहाही तारा एकदम खाली छेडा. हा झाला रॉकचा नेहमीचा आवाज. आता तीच कॉर्ड धरून ठेवा आणि एकेक तार सुटी, एका चालीत वाजवा, आधीची तार वाजत असतानाच पुढची. आवाज एकदम मोकळा होतो, मध्ये जागा सापडते. बक रिकनबॅकर गिटारवर हेच करत होता. त्या मोकळ्या जागेत मिल्सचा बास नुसता ताल न धरता दुसरी चाल गातो. आणि स्टाइपचा आवाज या सगळ्याच्या वर नाही, मध्येच कुठंतरी ठेवलेला आहे. शब्द अर्धे कळतात, अर्धे नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझं इंग्रजी कमी पडतंय असं वाटलं होतं. नंतर कळलं की अमेरिकेतली पोरंसुद्धा हे शब्द काय आहेत यावर भांडत होती. ‘वुई वॉक’ या गाण्यात दुरून वीज कडाडल्यासारखा आवाज येतो. ते आहेत बिलियर्डचे चेंडू, एकमेकांवर आपटताना टेप केलेले आणि वेग कमी करून वाजवलेले. हेडफोन लावून ऐका.

12 एप्रिल 1983 ला अल्बम आला. ‘बिलबोर्ड’ या मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत तो 36 व्या क्रमांकापर्यंत चढला, साधारण दोन लाख प्रती खपल्या. कंपनीची अपेक्षा याहून जास्त होती. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकानं मात्र तो वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवला, ज्या वर्षी मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ अमेरिकेभर वाजत होता. बँडला यानं मोठा श्रोता मिळाला असं नाही म्हणता येणार, पण वेळ मिळाला. दुसरा अल्बम त्यांनी ईस्टर आणि डिक्सन या त्याच दोघांबरोबर, त्याच स्टुडिओत केला.

‘मर्मर’च्या कागदावर एक बारीक ओळ आहे, आणि मला ती कुठल्याही गाण्याइतकीच महत्त्वाची वाटते. बँडनं रचलेल्या प्रत्येक गाण्याखाली चारही नावं: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. आडनावांच्या अक्षरक्रमानं. एका गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. एक टेपचा, तो बहुधा कंपनीकडे. दुसरा रचनेचा, शब्द आणि चाल यांचा. गाणं रेडिओवर वाजलं, दुसऱ्या कुणी गायलं, सिनेमात वापरलं की या दुसऱ्या हक्काचे पैसे रचनाकाराला मिळतात, आणि वर्षानुवर्षं मिळत राहतात. बहुतेक बँडांत रचनाकार म्हणून एकदोघांचंच नाव लागतं. पाच वर्षांनी एकजण बंगल्यात राहतो, ड्रमर भाड्याच्या खोलीत, आणि दोघांनी त्याच व्हॅनमधून प्रवास करायचा असतो. भांडणं संगीतावरून झाली असं बाहेर सांगतात. आर.ई.एम.नं हा प्रश्न आधीच मिटवून टाकला: पैसे चार सारखे वाटे, आणि निर्णयात चौघांपैकी एकाचा जरी नकार आला तरी ती गोष्ट करायची नाही. ‘परफेक्ट सर्कल’ची पियानोवरची चाल मुख्यतः ड्रमर बेरीची. कुणी बोलून दाखवल्याशिवाय ते कागदावरून कळत नाही. ते चौघे 1997 पर्यंत टिकले; बेरीनं प्रकृतीच्या आणि मनाच्या कारणानं निरोप घेतला तोही भांडून नव्हे.

ऑगस्ट 1983 मध्ये न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये द पोलीसच्या आधी ते वाजले. जिथं आपली गाणी कुणाला माहीत नाहीत अशा मैदानात दुसऱ्याच्या श्रोत्यांपुढं वाजवणं त्यांना रुचलं नाही, आणि पुन्हा ते क्लबांकडे वळले.

6 ऑक्टोबर 1983 ला ते देशाच्या टीव्हीवर पहिल्यांदा दिसले, डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या कार्यक्रमात. आधी ‘रेडिओ फ्री युरोप’ झालं. मग लेटरमन गप्पा मारायला पुढं आला. स्टाइप ड्रमच्या चौथऱ्यावर जाऊन बसला. बोलले ते बक आणि मिल्स. पुढचं गाणं सुरू करण्याआधी कळलं की ते अगदी नवं आहे, अजून त्याला नाव दिलेलं नाही. दुसऱ्या कुठल्या बँडनं ही संधी दुकानात असलेलं गाणं खपवायला वापरली असती. यांनी ते बिननावाचं गाणं वाजवलं, जे पुढचे कित्येक महिने कुठल्याच दुकानात मिळणार नव्हतं.